रानउंदरांच्या फुफ्फुसांच्या स्लाइड्स करून देणारी लॅब: ५ पैकी ४ स्टार

मी इकडे यूकेत बँक व्होल, वुड माउस अशा रानातल्या उंदरांच्या फुफ्फुसातल्या बुरशीवर काम करतेय, स्लाइड्स बाहेरून करून घेते. आधीच्या लॅबचं नाव घेत नाही, पण तिथे ३ महिने पाण्यात गेले. "प्रत्येक ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या तुकड्याचे) १० सेक्शन (पातळ काप) द्या" म्हटलं तर त्यांनी एकाला लागून एक असे १० कापून दिले. आता ही एमॉन्सिया क्रेसेन्स बुरशी म्हणजे श्वासातून आत जाणारा स्पोर (बीजाणू) जेमतेम २-४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण अंगाच्या उबेत फुगत फुगत त्याचा जाड कवचाचा २००-४०० मायक्रॉनचा गोळा होतो, आणि सेक्शन असतो ५ मायक्रॉनचा, म्हणजे तोच एक गोळा दहाही स्लाइड्सवर दिसणार आणि मी तो १० वेळा मोजणार! मोजणी तर सगळ्यात महत्त्वाची, कारण हा गोळा नुसता मोठा होतो, फुफ्फुसात एकाचे दोन होत नाहीत. जितके गोळे, तितके स्पोर त्या बिचाऱ्या जीवाने बिळातल्या मातीतून ओढलेले.

या नव्या लॅबच्या ताईंनी ब्लॉक हातात घ्यायच्या आधी फोन करून विचारलं, "काय शोधताय आणि ते किती मोठं असतं?" तिथेच मी निश्चिंत झाले. १९४२ मध्ये एमन्स आणि अ‍ॅशबर्न यांनी अ‍ॅरिझोनातल्या उंदरांतून वर्णन केलेली क्रेसेन्सची बहीण बुरशी, एमॉन्सिया पार्वा, तिचे गोळे फार तर ४० मायक्रॉनचे, तिथे कापायचं अंतर वेगळंच ठेवावं लागलं असतं, त्यामुळे साइज विचारणारी लॅब म्हणजे काम समजणारी लॅब. माझ्यासाठी त्यांनी दर ५०० मायक्रॉनला, म्हणजे गोळ्यापेक्षा जास्त अंतराने, सेक्शन कापले: एक नेहमीच्या एच अँड ई रंगाचा, एक बुरशीचं कवच रंगवणाऱ्या पीएएसचा. पीएएसमध्ये कवच असं गडद गुलाबी उठून दिसतं की बघत राहावं.

मधे सुटलेले गोळे राहतातच, त्यासाठी मी दुसऱ्या बाजूचं फुफ्फुस कॉस्टिक पोटॅशमध्ये विरघळवून मोजते, तो लॅबचा दोष नाही.

एक स्टार कापला कारण काही स्लाइड्सवर कवचं तडकलीयत, दोनतीन ठिकाणी गोळा निघून नुसतं भोक राहिलंय. सांगितल्यावर ब्लेड बदलून फुकट परत कापून दिले, पण १२ दिवस गेले.

पाठवणार असाल तर श्वासनलिकेतून फॉर्मलिन भरून फुफ्फुस फुगवून पाठवा, नाहीतर ते वर तरंगतं आणि आतून नीट फिक्स होत नाही (म्हणजे पेशी जशाच्या तशा टिकत नाहीत).