रंगीत पट्ट्यांची चाररेघी वही: जूनपासूनच्या वापराचा अनुभव

पहिलीच्या वर्गासाठी शाळा उघडतानाच रंगीत पट्ट्यांच्या चाररेघी वह्या घेतल्या आणि संक्रांतीपर्यंत त्याच वापरल्या. चार रेघांमधल्या तीन जागा वरून निळ्या, हिरव्या आणि तपकिरी छापलेल्या असून मुलांनी त्यांना आभाळ, गवत आणि माती म्हणायचे आहे. इंग्रजीच्या 26 स्मॉल अक्षरांपैकी ए, सी, ओ यांसारखी 14 गवतातच राहतात, बी, डी, एल यांसारखी 7 आभाळात पोहोचतात आणि जी, जे, पी, क्यू, वाय ही 5 मातीत उतरतात.

मराठी माध्यमाच्या मुलांना हा भेद विशेष अवघड जातो, कारण देवनागरी अक्षर शिरोरेघेखाली लोंबते आणि दुरेघी वहीत त्यांची नजर वरच्या रेघेवर बसलेली असते, तर इंग्रजी अक्षर वरून तिसऱ्या रेघेवर उभे राहते. त्यामुळे सुरुवातीला अनेकांचा ए दुसऱ्या रेघेला चिकटून खाली अधांतरी राहत असे. तपकिरी पट्टीची वरची कड ही उभे राहण्याची रेघ ठळक दाखवते, आणि माझ्या मते या वहीचा खरा लाभ हाच आहे. एका मुलीने पी पूर्ण आभाळात काढला होता. ‘पोट गवतात, पाय मातीत’ एवढे सांगताच तिने तो खोडून नीट काढला.

मात्र वही हाती देण्याआधी उंची ओळखता यायला हवी. मी फळ्यावर ‘डॉग’ हा शब्द इंग्रजीत लिहून डीला हात वर, ओला हात कमरेवर आणि जीला उकिडवे बसायला लावत असे. या एकाच शब्दात तिन्ही उंच्या येतात.

त्रुटीही आहेत. तपकिरी रंग इतका गडद आहे की पेन्सिलीची रेघ त्यावर दिसत नाही, म्हणजे नेमकी जी आणि वायची शेपटी तपासता येत नाही. पहिली अर्धी वही कॅपिटल अक्षरांची आहे. ती सगळी एकाच उंचीची असल्याने मी स्मॉलच्या पानांपासूनच सुरुवात केली. सर्वांत मोठी उणीव म्हणजे शेवटच्या पानांपर्यंत रंग फिके होत जात नाहीत. साध्या चाररेघी वहीत आल्यावर काहींचा जी पुन्हा वर चढला, तेव्हा त्यांच्या वहीत फक्त तिसरी रेघ रंगीत पेन्सिलीने गिरवून दिली आणि तेवढा आधार त्यांना पुरला.