मोंगोडीबी, अकरा महिन्यांनंतर: ‘जतन झाले’ दिसलं, पण झालं नव्हतं

गेल्या महिन्यात आमच्या दूध संस्थेतल्या तिघांचं दहा दिवसांचं बिल जुन्याच बँक खात्यावर गेलं. त्यातल्या एकाचं खातं बंद पडलेलं, त्यामुळे पैसे परत फिरले आणि तो माणूस चार दिवस संस्थेच्या पायऱ्या चढत राहिला. सचिवांनी नवे खाते क्रमांक मी लिहिलेल्या, मोंगोडीबी या डेटाबेसवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेळेत भरले होते. पडद्यावर ‘जतन झाले’ आलं होतं. लॉगमध्ये एक एरर नाही.

ॲटलास ही मोंगोडीबीची क्लाउड सेवा, तिचा फुकटचा क्लस्टर (डेटा ठेवायचे सर्व्हर) वापरतो. ५१२ एमबी जागा अजून निम्मीही भरलेली नाही, आणि दरमहा पैसे मोजायची संस्थेची ऐपत नाही. वेगाबद्दल, बाकी सोयींबद्दल तक्रार नाही. मला बोलायचंय ते फक्त या गप्प बसण्याबद्दल.

पहिला संशय जुन्या समजाचा: मोंगो लिहिल्याची पोच घेत नाही. पण ते २०१२च्या नोव्हेंबरआधीचं. तेव्हापासून ड्रायव्हर, म्हणजे ॲप आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी, आपणहून पोच घेतात. मग अपडेटवनचं, म्हणजे एक नोंद बदलायच्या आज्ञेचं, उत्तर छापून पाहिलं. मॅच्डकाउंट, म्हणजे सापडलेल्या नोंदींची संख्या, शून्य! म्हणजे ज्या सभासदाची नोंद बदलायची, तोच सापडला नव्हता.

जुने सभासद मी एक्सेलमधून आणले होते, त्यांचे आयडी साध्या स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. नंतरचे सभासद ॲपमधून भरले, त्यांना मोंगोने ऑब्जेक्टआयडी या स्वतःच्या वेगळ्या प्रकारचे आयडी दिले. तो १२ बाइटचा. पडद्यावर २४ अक्षरांचा दिसतो, पण त्याच २४ अक्षरांची स्ट्रिंग म्हणजे तो नव्हे. वेब पत्त्यातून येणारा आयडी स्ट्रिंगच असतो, म्हणून तो जुन्यांशी जुळायचा, नव्यांशी नाही. मी चाचणी जुन्या सभासदांवर घेतली, ती पास झाली. नव्यांचं एकही अपडेट कधी लागलं नव्हतं.

घाईत एक उपाय केला, तो कुणी करू नका: अपसर्ट चालू केलं. सापडलं नाही तर नवी नोंद तयार. झालंही तसंच. त्याच माणसाची दुसरी नोंद उभी राहिली, स्ट्रिंग आयडीची, आत नुसता खाते क्रमांक. नाव नाही, गाव नाही. रात्री बसून त्या हाताने काढल्या.

इथपर्यंत मी मोंगोवर चिडलेलो होतो. मग लक्षात आलं की एसक्यूएलमध्येही (तक्त्यांच्या डेटाबेसची भाषा) शून्य ओळी बदलल्या तर एरर येत नाही. पोच मिळत होती, मीच ती न वाचता टाकून देत होतो. राग उतरला. तरी एक खटकतंच: आयडीचा प्रकार जुळत नाही, एवढी सूचना मिळाली असती तर त्या माणसाच्या फेऱ्या वाचल्या असत्या.

आता प्रत्येक अपडेटनंतर मॅच्डकाउंट तपासतो. शून्य असेल तर लाल अक्षरांत ‘सभासद सापडला नाही’. मॉडिफाइडकाउंट, म्हणजे खरोखर बदललेल्या नोंदींची संख्या, शून्य आला तर मात्र घाबरू नका, तीच किंमत पुन्हा लिहिली की तो शून्यच येतो. कलेक्शनला (सभासदांच्या नोंदींच्या संचाला) जेसन स्कीमा, म्हणजे कोणती फील्ड चालतील याची नियमावली, हीही लावली, कारण सेट करताना फील्डचं नाव चुकलं तर मोंगो निमूटपणे नवं फील्ड बनवतो.

डेटाबेस बदलणार नाही. जुन्या सभासदांचे स्ट्रिंग आयडी मात्र राहिलेत. आयडी जागच्या जागी बदलता येत नाही. नवी नोंद घालून जुनी काढावी लागते आणि दूध संकलनाच्या नोंदींतले संदर्भही बदलावे लागतात. दिवाळीच्या फरक बिलाआधी हे उरकायचंय.