मागे ४.५६, पुढे जुनेच

मोठे टायर टाकून डिफरन्शियलचे (दोन चाकांच्या मधल्या, त्यांना फिरवणाऱ्या पेटीतले) गिअर बदलायला गाडी गॅरेजात सोडणार असाल, तर आधी हे वाचा. मी फसलो तो पुढच्या अॅक्सलमध्ये. तिकडे सहसा कोणी बघत नाही.

२९ इंची काढून ३३ इंची टायर घातले आणि गाडीचा दमच गेला. पाचवा गिअर नावापुरता उरला, चढावर क्लचचा जळका वास. हिशेब सोपा आहे: ३३ भागिले २९, त्याला डिफरन्शियलच्या मूळच्या ३.७३ या गुणोत्तराने (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो) गुणलं की साधारण ४.२५. त्याच्या आसपास ४.१० आणि ४.५६ मिळतात. मोठा टायर नुसता उंच नसतो, जडही असतो, म्हणून ४.५६ घ्या म्हणाला गॅरेजवाला. सल्ला चोख होता. म्हणूनच पुढचं सगळं मी निमूट ऐकून घेतलं.

बिल दोन्ही अॅक्सलचं. दोन्ही हाउसिंगवर ताजं सीलंट, नवं ऑइल, आणि ‘तुमचे जुने गिअर’ म्हणून एका पोत्यात क्राउन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधलं मोठं आणि छोटं दातेरी चाक) दोन जोड्या. वर बजावलं, “पहिले ८०० किलोमीटर गाडी रगडू नका. फोर बाय फोर तर टाकूच नका.” आता नवीन क्राउन-पिनियन रुळू द्यावे लागतात, हे खरंच आहे. सुरुवातीला थोडं चालवून गाडी थंड होऊ द्यायची, नंतर ऑइल बदलायचं. त्या खऱ्या सल्ल्याच्या आडोशाने त्याने स्वतःसाठी वेळ काढून घेतला.

मी तपासलं नाही असंही नाही. चौथ्या गिअरला (माझ्या गाडीत तो एकास एक आहे) जीपीएसवर ८० च्या वेगाला इंजिन गिअर बदलण्याआधी मिनिटाला १९०० फेऱ्यांच्या आसपास फिरायचं, आता २३०० दाखवत होतं. म्हणजे काम झालं, असं मी समजलो. पण टू-व्हीलमध्ये गाडी मागच्या अॅक्सलवर चालते, तेव्हा टॅकोमीटर फक्त मागचंच सांगतो. आणि मागचे गिअर त्याने खरोखर बदलले होते!

हजारेक किलोमीटरनंतर पहिल्यांदा फोर बाय फोर टाकलं. चिखलात पुढची चाकं वेड्यासारखी माती उपसत होती आणि मागची फरफटत होती. दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट (पुढे आणि मागे जोर नेणारे दांडे) सारखेच फिरत होते, पण पुढची चाकं मागच्यांपेक्षा २२ टक्के जास्त वेगाने. पुढे खडकाळ पट्टा लागला, तिथे चाकांना घसरायला जागा नाही. गाडी उड्या मारायला लागली, खालून धाडकन आवाज झाला, फोर बाय फोरची लिव्हर सुटेना. थोडी रिव्हर्स घेतल्यावर ताण उतरला आणि लिव्हर निघाली. ट्रान्सफर केसची (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीची) चेन मात्र तेवढ्यात ताणली गेली होती.

जे आधी करायला हवं होतं ते त्या दिवशी केलं, आणि त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. गाडी सपाट जागेवर, बाकीच्या चाकांना दगड, ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये, पुढच्या चाकांचे हब लॉक (म्हणजे चाकाबरोबर आतले गिअरही फिरतात). पुढचं एकच चाक जॅकवर उचला, टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे उचललेलं चाक दोनदा फिरवायचं, एकदा नाही. डिफरन्शियल लॉक असेल तर तो काढूनच. शाफ्टचे फेरे मोजा: साडेचारच्या किंचित वर हवेत. माझे पावणेचारसुद्धा पुरते भरले नाहीत. मागेही असंच मोजता येतं; तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला हवा.

दुसऱ्या गॅरेजात कव्हर उघडलं. क्राउनला ४१ दात, पिनियनला ११, भागाकार तोच जुना ३.७३. माझ्या मागच्या ४.५६ च्या क्राउनलाही ४१ च दात आहेत, पिनियनला ९. नुसता क्राउन मोजून समाधान मानू नका. आणि कव्हर बंद करण्याआधी पिवळी पेस्ट लावून दातांवर उमटलेल्या ठशाचा फोटो मागा, दोन्हीकडचा. काम करणाऱ्याला तो ठसा बघावाच लागतो, त्यामुळे फोटोला का कू करण्याचं कारण नाही.

पहिल्याला जाब विचारला तर म्हणाला, “पुढचे बदलायची गरज नसते, पुढची चाकं नुसती मदतीला असतात.” मग बिलात कशाला लावलेत, यावर तो काही बोलला नाही. पैसेही परत दिले नाहीत.

पोतं अजून माझ्याकडे आहे. त्यातली एक जोडी माझ्या मागच्या अॅक्सलची. दुसऱ्या क्राउनला बोल्टची १२ भोकं आहेत, माझ्या पुढच्याला १०. कुठल्या गाडीचा आहे देव जाणे.