स्नॅपशॉट की रेप्लिकेशन? चालू व्हीएमला कशाचा भार जास्त पडतो

स्नॅपशॉट म्हणजे चालू व्हीएमची (आभासी मशीनची) त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, रेप्लिकेशन म्हणजे तिची दुसरीकडे सतत अद्ययावत होणारी प्रत. निवड करायची असेल तर आधी ठरवा, भीती कशाची आहे. पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) फसण्याची, की अख्खं स्टोरेज जाण्याची? स्नॅपशॉट सहसा मूळ डिस्कशेजारी, त्याच डेटास्टोअरवर (व्हीएमच्या फाइली ठेवायच्या साठ्यावर) राहतो. डेटास्टोअर गेला की तोही जातो.

व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हीएमडीके फाइल, म्हणजे व्हीएमची डिस्क, गोठते आणि पुढचं सगळं लिखाण डेल्टा फाइलमध्ये जातं. वाचताना आधी डेल्टा चाळायची, तिथे नसेल तर मागची फाइल. फाइल सर्व्हरला हे फारसं जाणवत नाही. इकडून तिकडून छोटे ब्लॉक उचलणाऱ्या डेटाबेसला लगेच जाणवतं. साखळीत 32 स्नॅपशॉट बसतात, पण व्हीएमवेअरचाच सल्ला दोन-तीनच ठेवा आणि कुठलाही 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असा आहे.

खरा फटका बसतो तो स्नॅपशॉट काढताना. मी काम करत असलेल्या एका ठिकाणी ‘पॅचच्या आधी’ नावाचा स्नॅपशॉट पाच आठवडे पडून होता. कुणीतरी भर कामाच्या वेळी डिलीट दाबलं. प्रोग्रेस 99 टक्क्यांवर जाऊन बसला. डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळत होती, डेटाबेस त्याच वेळी नवं लिहीत होता, आणि शेवटचा तुकडा जोडायला हायपरव्हायजरने (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) व्हीएम थांबवली. पिंग गेलं, क्लस्टरला (एकमेकांची जागा घेणाऱ्या सर्व्हरच्या गटाला) वाटलं नोड मेला आणि फेलओव्हर झाला, म्हणजे काम दुसऱ्या सर्व्हरकडे गेलं. डेटा शाबूत राहिला, पण काउंटरवरची माणसं ताटकळली.

रेप्लिकेशनचा भार कमी पण सततचा. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर रेप्लिकेशनमध्ये होस्ट (व्हीएम चालवणारा सर्व्हर) फक्त बदललेल्या ब्लॉकची नोंद ठेवतो आणि ठरलेल्या आरपीओप्रमाणे (जास्तीत जास्त किती वेळाचा डेटा गेला तरी चालेल, ती मर्यादा), म्हणजे काही मिनिटांपासून 24 तासांपर्यंत, ते पाठवतो. एकच ब्लॉक त्या वेळात शंभरदा बदलला तरी एकदाच जातो, त्यामुळे आरपीओ जितका कमी तितका नेटवर्कवर ताण. मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही रेप्लिका विंडोज सर्व्हर 2012 आर2 पासून 30 सेकंद, 5 किंवा 15 मिनिटं असे पर्याय देतं, पण बदल लॉग फाइलमध्येही लिहितं, म्हणून स्टोरेजवर जादा लिखाण येतं. पहिलं पूर्ण सिंक सुट्टीच्या दिवशी लावा.

स्टोरेज पातळीवरच्या सिंक्रोनस रेप्लिकेशनचा, म्हणजे पलीकडे लिहून झाल्याशिवाय लिखाण पूर्ण न मानण्याचा, हिशेब वेगळा. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला साधारण 5 मायक्रोसेकंद लागतात. मुंबई-पुणे 150 किलोमीटरची केबल धरली तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद, तेही प्रत्येक लिखाणावर.

आणि इथेच लोक फसतात: कित्येक बॅकअप साधनं ज्याला रेप्लिकेशन म्हणतात ते दर फेरीला स्नॅपशॉट घेतात आणि काढतात. तुम्ही स्नॅपशॉट टाळायला गेलात आणि दिवसातून वीसदा तोच विकत घेतलात. विक्रेत्याला हे सरळ विचारा. व्हीएसएस क्वाइसिंग (प्रत सुसंगत यावी म्हणून विंडोजमध्ये लिखाण क्षणभर थांबवणं) चालू केलं तर डेटाबेस दर फेरीला क्षणभर श्वास रोखतो, हेही विचारून घ्या.

माझं मत: डेटाबेसला 15 मिनिटं ते तासाभराच्या आरपीओचं, स्नॅपशॉट न घेणारं रेप्लिकेशन. चुकून उडवलेलं टेबलही पलीकडे तसंच उडतं, म्हणून मागचे काही रिकव्हरी पॉइंट ठेवा आणि बॅकअप वेगळा घ्या. स्नॅपशॉट फक्त पॅचच्या रात्री. घेताना त्याच्या नावातच काढायची तारीख लिहा, आणि तो काढा रात्री, डेटाबेसवर वर्दळ नसताना.