सुंतेच्या ऑपरेशननंतर पॅराफिन गॉज, नक्की घेऊन ठेवा

वयाच्या ३४ व्या वर्षी फायमोसिसमुळे (लिंगाची पुढची कातडी मागे सरकत नाही तो त्रास) सुंता करून घेतली. हॉस्पिटलने साधी पट्टी बांधून घरी पाठवलं, पुढचं काहीच नीट सांगितलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती टाक्यांना अशी चिकटली की काढताना डोळ्यात पाणी आलं. (कोमट पाण्यात भिजवून अलगद सोडवायची असते, ओढायची नाही.) मग मेडिकलवाल्याने पॅराफिन गॉज दिली. जाळीदार कापडाला तेलकट थर असतो, त्यामुळे जखमेला चिकटत नाही, बदलताना खरंच जीव सुखावला. पाकीट उघडायच्या आधी हात साबणाने धुवायचे. तेलाचे डाग पडतात तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

सूज बघून घाबरलो होतो, पण घट्ट अंडरवेअर घालून लिंग पोटाकडे वर ठेवलं की ठणका कमी होतो. विरघळणारे टाके साधारण २-३ आठवड्यात गळतात. संबंध मात्र ४ ते ६ आठवडे नाहीच. रक्त थांबत नसेल, ताप आला, पू किंवा घाण वास आला, लघवी अडकली तर लाजू नका रे, लगेच डॉक्टर गाठा.