रोजचा छोटा धडा की संध्याकाळचा क्लास?

इंग्रजी व्याकरण मोबाइलवरच्या छोट्या धड्यांतून शिकावं की क्लास लावून? ज्यांची शाळा २००० सालाआधीची, त्यांना हा प्रश्न जास्त लागू पडेल. पहिलीपासून इंग्रजी त्या वर्षी आलं. आपल्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत एबीसीडी भेटली ती पाचवीत. शब्द पुढं कामावर मिळत गेले, व्याकरण राहिलं ते राहिलंच. मी लातूरच्या एका डाळमिलच्या ऑफिसात बसतो. तूरडाळ घेणारे व्यापारी बरेचसे दक्षिणेतले, त्यामुळं मेल इंग्रजीत. तेवढे नीट लिहिता यावेत म्हणून मी आधी संध्याकाळचा क्लास लावला, नंतर मोबाइलवरच्या रोजच्या छोट्या धड्यांकडं वळलो.

क्लासचा मोठा गुण आधी सांगतो. मराठी माणूस नेमका कुठं अडतो, हे चांगल्या सरांना ठाऊक असतं. आपण ‘माल काल पाठवला आहे’ म्हणतो, आणि मराठीत त्यात काही वावगं नाही. त्याचंच ‘वुई हॅव सेंट द गुड्स यस्टर्डे’ केलं की चुकलं. ‘यस्टर्डे’ आलं की ‘हॅव’ जातं, ‘वुई सेंट’ एवढंच उरतं. माझ्या निम्म्या मेलमधली चूक हीच होती. सरांनी ती चुटकीसरशी सोडवली. पण तास सुटल्यावर, जिना उतरताना, मी विचारलं म्हणून.

तासाला काय चालायचं? नाउन. दर थोड्या दिवसांनी नवीन पोरं भरती व्हायची आणि गाडी परत नाउनवर. प्रॉपर नाउन, कॉमन नाउन, कलेक्टिव्ह नाउन. टेन्सपर्यंत पोचायच्या आत जुन्यांतले निम्मे गळालेले, आणि जे उरले त्यांच्यापुढं बारा काळांचा तक्ता. तो पाठ झाला तरी गिऱ्हाईक फोनवर असताना त्यातला कोणता खण उघडायचा हे काही सुचत नाही. यात सरांचा दोष म्हणावा असं नाही, फी भरलेल्या नव्या पोराला ते मधूनच कसं बसवणार? पण शाळेतला तोच ‘अ बंच ऑफ कीज’ ऐकायला मी पुन्हा पुन्हा कशाला जाऊ? माझा कल फिरला तो इथं. शिवाय तुरीची आवक सुरू झाली की रात्री आठपर्यंत ऑफिस सुटत नाही, आणि बुडलेला तास कुणी परत घेत नाही.

छोट्या धड्यात एक दिवस, एक गाठ. आज ‘सिन्स’ आणि ‘फॉर’, उद्या ‘मच’ आणि ‘मेनी’. ‘सिन्स टू इयर्स’ आपल्याकडं सर्रास चालतं, कारण ‘दोन वर्षांपासून’मधलं ‘पासून’ डोक्यात असतं. मुदत असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’. चहा होईस्तोवर धडा संपतो आणि त्याच दुपारी तो मेलमध्ये वापरता येतो. माझ्यापुरतं सांगायचं तर टिकलं ते असं वापरलेलंच.

उणिवा आहेत. वही कुणी तपासत नाही. धड्यांना सलग धागा नसतो. समजावणं बहुतेक इंग्रजीतच, आणि उदाहरणांत बर्फ पडतो, जो आपल्याकडं गारपिटीतच दिसतो. बीबीसी लर्निंग इंग्लिशच्या धड्यांचे उच्चार ब्रिटिश, कानाला जरा वेळ लागतो. पण ‘सिक्स मिनिट ग्रामर’सारख्या मालिकेत मजकूर सोबत वाचता येतो, तो वाचाच. व्हॉइस ऑफ अमेरिका हे अमेरिकेचं सरकारी रेडिओ केंद्र १९५९पासून मोजक्या शब्दांत, संथ लयीत इंग्रजी ऐकवत होतं. मार्च २०२५मध्ये ते काम ठप्प झालं. म्हणून एकाच ठिकाणावर विसंबू नये.

एमपीएससीवाल्यांचं गणित वेगळं. तिथं व्हॉइस बदला, नॅरेशन बदला असले प्रश्न सोडवायचे असतात. त्यांनी क्लास किंवा जाडजूड पुस्तकच धरावं, भरपूर सराव करून घेणारं. ज्याला एकट्यानं बसायचा कंटाळा आहे, त्यालाही कदाचित बॅचच बरी.

बाकी दुकान, ऑफिस, बँक सांभाळून शिकणाऱ्यांनी आधी महिनाभर छोटे धडे करून पाहावेत, असं मला वाटतं. रोज त्या धड्यावरची दोन वाक्यं स्वतःच्या कामातली लिहायची आणि आठवड्यातून एकदा ओळखीच्या एखाद्या शिक्षकाला दाखवायची. आपल्याकडं गल्लीत एखादे गुरुजी असतातच, आणि ते नाही म्हणत नाहीत.