लघुप्रबंधाला कोणता सिद्धांत: उपयोग-परितोष की द्विस्तरीय प्रवाह?

पत्रकारितेच्या एम.ए.ला सोशल मीडियावर लघुप्रबंध घेतला की गाडी बहुतेक या दोन सिद्धांतांपाशी येऊन थांबते. मी मराठवाड्यातल्या गावांत दोन्ही वापरून पाहिलेत.

उपयोग-परितोष सोयीचा, यात वाद नाही. माध्यम लोकांचं काय करतं हे सोडून लोक माध्यमाचं काय करतात, ते विचारायचं. हर्टा हर्झोग यांनी 1944 मध्ये रेडिओ मालिका ऐकणाऱ्या बायकांना हेच विचारलं होतं. पुढे सत्तरच्या दशकात कॅट्झ, ब्लमलर आणि गुरेविच यांनी मांडणी पक्की केली. गूगल फॉर्म फिरवला की तक्ते तयार, गाईडही खूश.

घोडं अडतं उत्तरांपाशी. ‘व्हॉट्सॲप कशासाठी वापरता?’ म्हटलं की जो तो ‘माहितीसाठी’वर खूण करतो. लातूरच्या आडतीवर एका काकांनी तीच केली, हातातल्या फोनवर रील चालूच. "टाइमपास म्हून बघतो हो," हे चहा घेताना निघालं, तोवर फॉर्म भरून झालेला. भावकीतल्या कुणाचं स्टेटस जळत जळत बघतो, हे तर कोण लिहून देणार? पर्याय आपणच छापायचे, समोरच्यानं मान डोलवायची आणि त्याला त्याची ‘गरज’ म्हणायचं! मला हे फार खटकलं.

द्विस्तरीय प्रवाह म्हणतो, माध्यमातली गोष्ट आधी काही जाणत्या माणसांकडे येते आणि त्यांच्याकडून बाकीच्यांपर्यंत पोचते. म्हणून इथं प्रश्न साधा: ‘हे कुणी पाठवलं?’ फोन उघडून दाखवता येतं. 1940 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतल्या एरी काउंटीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड यांना मतं रेडिओ-वर्तमानपत्रांपेक्षा ओळखीपाळखीच्या माणसांमुळे हललेली दिसली. (1955 मध्ये याच विचाराचा विस्तार करताना त्यांच्या जोडीला कॅट्झच होते, म्हणजे दोन्ही घरचे पाहुणे.) आपल्याकडे पंजाबराव डखांचा पावसाचा अंदाज शेकडो ग्रुपवर फिरतो, पण मी पाहिलेल्या गावात तिफण धरायची की नाही ते कृषी सेवा केंद्रवाल्याच्या ‘थांबा थोडं’वर ठरत होतं. 2018 मध्ये अफवांनंतर व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डला एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली, तीही याच दुसऱ्या पायरीवर.

रील मात्र अल्गोरिदम थेट पुढ्यात आणून टाकतो, मध्ये माणूसच नसतो. तुमचा विषय संभाजीनगरच्या वसतिगृहातलं इन्स्टाग्राम असेल, तर कदाचित पहिलाच बरा. गावातला परिणाम बघायचा असेल, तर मी दुसराच घेईन. माणसामागून माणूस शोधताना एसटीच्या फेऱ्या वाढतात आणि तक्ते कमी भरतात, एवढं आधीच गाईडच्या कानावर घाला.